रीटेकची वही

“माझंच चुकलं गं, वहीताई. लिही माझ्या नावावर!” जजकाका उंच खुर्चीतून म्हणाले आणि गाऊनच्या बाहीने कपाळ पुसायला निघाले.

“काका, बाही! मागच्या शॉटला कोरडी होती,” वहीताई ओरडली.

सेटवर हशा पिकला. तिने वहीत लिहिलं : रीटेक, जज, वाक्य विसरले.

कोर्टाची ही मालिका सहा वर्षं चालू होती. साक्षीदाराच्या पेल्यात पाणी किती, फायलींची चवड कुठल्या हाताला, हे सारं पुढच्या शॉटलाही जुळावं म्हणून तिच्या वहीत असायचं. रीटेक का झाला, तेही. फक्त मालिकेचे नायक वकीलसाहेब चुकले की ‘आवाज’ नाहीतर ‘लाइट’ लिहायचं. मालिका त्यांच्या चेहऱ्यावर चालायची. हा नियम तिला कुणी शिकवला नव्हता. पहिल्याच दिवशी आधीच्या ताईंनी तिची ओळ मुकाट्याने खोडली होती, तेवढं पुरलं. आपणहून हात वर करायचे ते एकटे काका.

जेवणाच्या सुट्टीत वकीलसाहेब जवळ येऊन बसले.

“ताई, महिनाभरातल्या रीटेकची यादी द्या. फक्त काकांच्या हं. उद्या प्रोड्यूसर मॅडमना दाखवायचीय. वय झालं हो त्यांचं. आमचा मेहुणा घरी बसूनच आहे, शोभेल त्या खुर्चीत.”

“आणि काका?”

“आराम करतील! तुमचंही बघू ना. पुढची मालिका माझीच आहे.”

तिने यादी काढली. काका चौदा, साहेब शून्य. अक्षर तिचंच. तिची लेक चार महिन्यांची असताना पोरीला सांभाळायला घरी कुणी नव्हतं, आजी अजून गावीच होती, तेव्हा काकांनी आपल्या मेकअपच्या खोलीत जागा करून दिली होती. जजच्या घडी घातलेल्या गाऊनवर झोपून पोर मोठी झाली. आणि त्याच माणसाची खुर्ची आता तिच्या पेन्सिलीने जाणार होती.

ती उठली आणि एडिटरच्या खोलीत गेली.

“दादा, महिनाभरात मी ‘आवाज’ आणि ‘लाइट’ लिहिलेले सगळे टेक दाखव.”

“सगळे? घरी जायचं नाही का आज?”

“लेकीला आजीने आणलंय शाळेतून. लाव तू.”

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने मॅडमच्या टेबलावर दोन कागद ठेवले. समोर वकीलसाहेब पायावर पाय टाकून बसले होते.

“मॅडम, वही खोटी आहे. मीच खोटी लिहिली. खरी यादी ही. काका चौदा, साहेब एकोणतीस.”

साहेबांचा पाय खाली आला. “ताई, तुम्ही आहात तरी कुणाच्या बाजूने?”

“आत्तापर्यंत तुमच्याच होते, साहेब. वही बघा ना.”

मॅडमनी दोन्ही कागद सावकाश वाचले. “काकांना वाक्यं कधी मिळतात?”

“शॉटच्या आधी. साहेबांना आदल्या दिवशी.”

“आजपासून सगळ्यांना आदल्या दिवशी. खुर्चीत काकाच बसतील. आणि ताई, खोटं लिहिलंत, हे मी विसरणार नाही. वही मात्र तुमच्याकडेच राहू दे. आता ती खोटी लिहायची तुमची छाती होणार नाही.”

दुपारी साक्षीदाराची उलटतपासणी होती. वकीलसाहेब तावातावाने बोलता बोलता अडखळले. “कट!” सगळ्यांची नजर तिच्या पेन्सिलीकडे वळली. ती लिहीना, नुसती वाट पाहत राहिली.

साहेबांनी बोट तेवढं वर केलं, अर्धवटच. “माझं… लिहा.”

तिने लिहिलं : रीटेक, वकील, अडखळले.

खुर्चीवरून उतरून काका साक्षीदाराच्या पिंजऱ्यापाशी गेले. पेला अर्ध्यावर आला होता. कुणी सांगायच्या आत त्यांनी तो मागच्या शॉटइतका भरला, तिच्याकडे पाहून ‘बरोबर ना?’ अशी भुवई उडवली, आणि गाऊन सावरत परत वर जाऊन बसले.