फ्रीजातली रताळी

माझ्या थोरल्या जाऊबाई, भाग्यश्रीताई, दौंडला रेल्वेच्या क्वार्टरमध्ये राहतात. त्यांनी जानेवारीत नवा फ्रीज घेतला, तेव्हापासून त्यांच्या दर वाक्यात तो उघडायचा आणि बंद व्हायचा.

त्याच जानेवारीत त्यांनी आणखी एक टुमणं लावलं. आप्पांना, म्हणजे आमच्या सासऱ्यांना, कायमचं दौंडला न्यायचं. तिथं दवाखाना जवळ, नळाला पाणी. त्यांचं चुकत नव्हतं, म्हणूनच मला जास्त राग येत होता. आप्पा गेले तर वडगाव रासाईच्या घरात माझ्या चहाला रोज नावं कोण ठेवणार? मला ते इथंच हवे होते.

आप्पा सरळ नाही म्हणाले नाहीत. आपलं बोळकं दाखवत म्हणाले, "शिवरात्रीला दोघी रताळी उकडून आना. जिची गोड आन् मऊ, तिच्या घरी मी ऱ्हानार."

एकाच वावरातली रताळी आम्ही वाटून घेतली. मी माझी न धुता सावलीत सुकवली आणि अंधाऱ्या कोपऱ्यात भीमेच्या वाळूवर पसरली. नुकतं काढलेलं रताळं पिठूळ लागतं, तीन-चार आठवडे निवांत पडलं की त्यात गोडी उतरते. थंडी मात्र त्याला सोसत नाही. गाभा असा टणक होतो की कितीही उकडा, शिजत नाही.

मधे एकदा जाऊबाई आल्या. "अंजना, मी तर धुऊन फ्रीजातच ठेवली बाई. कशी टवटवीत हायेत!"

"वा!" मी म्हटलं आणि घाईघाईनं पोह्यांचा विषय काढला.

शिवरात्रीला जाऊबाई डबा घेऊन एसटीनं आल्या. आप्पांनी आधी त्यांचं रताळं तोंडात टाकलं. घास या गालातून त्या गालात फिरला आणि शेवटी तळहातावर आला.

"सूनबाई, ह्ये रताळं हाय का रुळाखालची खडी?"

माझ्या रताळ्याची साल बोट लावताच सुटली. आप्पांनी ते खाल्लं, अंगठा चाटला आणि म्हणाले, "ऱ्हायलो मी हितंच."

जाऊबाईंचे डोळे भरून आले. "किती जपली होती हो मी!" त्या एवढंच बोलल्या. मला माझीच लाज वाटली. उरलेली सगळी रताळी मी त्यांच्या डब्यात भरून दिली.

त्या गेल्यावर राहवेना. "आप्पा, फ्रीजात रताळी बिघडत्यात, मला ठावं होतं. मी मुद्दाम बोलले न्हाई."

आप्पांनी दाराबाहेर डोकावून पाहिलं. एसटी गेली होती.

"तू नुसती गप बसलीस. फ्रीजात ठेव म्हनून तिला सांगितलं कुनी?"

"आप्पा, तुमी?" मी विचारलं.

"थोरलीला तोंडावर न्हाई म्हनवत न्हाई गं मला," आप्पा हळूच म्हणाले. "आन् हितनं जायाचं बी न्हाई."