अर्धा सूर उतरलेला अल्बम

मी एक अल्बम बोलतोय. एरवी मी गातो, पण त्यासाठी कुणीतरी मला पाकिटातून काढून, फुंकर मारून, वर सुई टेकवावी लागते. बोलायला एवढी यातायात लागत नाही.

दिसायला मी काळी गोल तबकडी. दोन बाजू, नऊ गाणी. 'लोअर ग्रीन' नावाच्या बँडचं मी पहिलं अपत्य, त्यामुळे पहिल्या मुलाचं जे होतं ते सगळं माझंही झालं. लाड झाले, अवाजवी काळजी झाली आणि नावावरून तीनदा भांडणं झाली.

जन्माआधीच्या गोष्टी मला कशा ठाऊक, असं तुम्ही विचाराल. अहो, निम्म्या माझ्या पोटातच कोरलेल्या आहेत. उरलेल्या मी नॉर्मनकाकांच्या बैठकीच्या खोलीत ऐकल्या. घरी कुणीही आलं, अगदी गॅसचा मीटर बघायला आलेला माणूस असला तरी, ते त्याला चहा देतात आणि माझी जन्मकथा ऐकवतात.

नॉर्मन एंटविसल हे इंग्लंडमधल्या ओल्डम गावच्या एका बोल्स क्लबाचे सचिव. हिरवळीवर गोळे घरंगळवायचे आणि मग हवेला नावं ठेवत सँडविच खायचे, असा तो क्लब. हिवाळ्यात हिरवळ बंद असते, म्हणून क्लबाचा हॉल त्यांनी तीन पोरांना वापरायला दिला होता. लॉर्ना गायची आणि गिटार वाजवायची. एरवी ती लहान मुलांना पोहायला शिकवायची. डेक्लन पियानोवर. तिसरा फिन, ड्रमवाला. हा इतका कमी बोलायचा की क्लबातल्या दोन आज्यांना तो परदेशी वाटला होता.

हॉलमध्ये एक जुना पियानो होता. पहिल्याच दिवशी डेक्लनने त्यावर हात ठेवला, लॉर्नाने गिटार छेडली, आणि दोघांचं काही केल्या जुळेना. पियानो वयोमानाने अख्खा अर्धा सूर उतरला होता. एवढ्या म्हाताऱ्याच्या तारा वर ओढणं धोक्याचं, म्हणून लॉर्नाने गिटारच खाली उतरवली. आणि गंमत बघा, त्या उतरलेल्या सुरात तिचा आवाज असा काही खुलला की तिघं एकमेकांकडे बघत राहिले. वरच्या जागा, जिथे तिची नेहमी दमछाक व्हायची, तिथे आता ती आरामात पोचत होती. माझी सगळी गाणी मग त्याच सुरात बांधली गेली.

नॉर्मनकाकांना मात्र यातलं कुणी काही सांगितलं नाही. त्यांनी विचारलं, "पियानो बरा आहे ना पोरांनो?" पोरं म्हणाली, "एकदम छान." इंग्रज माणसाला तुम्ही करपलेला पाव दिलात तरी तो छानच म्हणतो, हे नॉर्मनकाकाही जाणून होते. त्यातच एकदा दाराबाहेर उभं असताना त्यांनी लॉर्नाला हसत हसत म्हणताना ऐकलं, "किती उतरलाय हा बिचारा!" काकांच्या जिवाला लागलं. पोरं तक्रार न करता सोसताहेत, अशी त्यांची पक्की समजूत झाली.

आठ गाणी तिथेच ध्वनिमुद्रित झाली. नववं, शेवटचं, तेवढं राहिलं. गुड फ्रायडेला खेळाचा हंगाम सुरू होणार, हॉल जाणार, आणि त्याच दिवसापर्यंत ध्वनिमुद्रण कंपनीच्या हातात पडलं नाही तर मी निघणारच नव्हतो. माझं असणं-नसणं आता या एका गाण्यावर येऊन ठेपलं होतं.

नेमकी तेव्हाच क्लबाच्या समितीची सभा भरली. एका मताच्या विरोधासह ठराव मंजूर झाला, की मुलांना न सांगता पियानो सुरात लावून घ्यावा. विरोधाचं मत ज्या बाईंचं होतं, त्या प्रत्येकच ठरावाला विरोध करतात.

पियानो जुळवणाऱ्या मिसेस ऑर्मरॉड आल्या. आत डोकावून म्हणाल्या, "याला वर ओढायला सांगू नका. झेपायचं नाही त्याला."

"थोडंसं ओढा हो," काका म्हणाले. "पोरं काय खूश होतील."

मिसेस ऑर्मरॉडनी ओढलं. खर्जातली एक जाड तार गोळी सुटल्यासारखी तुटली.

"झालं समाधान?" मिसेस ऑर्मरॉड म्हणाल्या. "ही नवी वळून घ्यायला तीन आठवडे लागतील."

"तिकडे खाली कोण जातंय वाजवायला," काकांनी स्वतःचीच समजूत घातली.

गुड फ्रायडेला दोन दिवस उरले असताना, बुधवारी सकाळी पोरं आली तर पियानोला निळी फीत बांधलेली. शेजारी केक, चहा आणि समितीचे सात सदस्य ओळीने उभे. डेक्लनने एक पट्टी दाबली, दुसरी दाबली. लॉर्नाचा चेहरा पांढराफटक पडला. पियानो आता अर्धा सूर वर होता, आणि शेवटच्या गाण्यातली सर्वात वरची जागा तिच्या गळ्याच्या पलीकडे गेली होती.

"किती छान," ती म्हणाली. "तुम्ही उगाच एवढा त्रास घेतलात."

मग सगळ्यांनी केक खाल्ला. अर्धा तास तेच चाललं. कुणी हवेबद्दल बोललं, कुणी केकबद्दल. भीक नको पण कुत्रा आवर, अशी त्यांची गत झाली होती, पण म्हणणार कोण? शेवटी फिनने कप खाली ठेवला.

"आता गाणार कसं?" तो म्हणाला.

त्याचा आवाज क्लबाने पहिल्यांदाच ऐकला. त्याच्यामागोमाग मग सगळंच बाहेर आलं.

नॉर्मनकाका उठले. मिसेस ऑर्मरॉडना फोन केला, तारा परत उतरवायला सांगितलं, कोट चढवला आणि घरी गेले. त्यांना तेव्हा काय वाटलं, हे गॅसवाल्याला सांगतानाही ते चहाचा कप बाजूला ठेवतात. नातवंडं नव्हती त्यांना. ही तीन पोरं येऊ लागल्यापासून हिवाळा बरा वाटायला लागला होता, आणि त्यांचंच काम आपण आपल्या हाताने बुडवलं, असं म्हणून तो माणूस संध्याकाळी न जेवता बसला.

इकडे मिसेस ऑर्मरॉडनी दिवसभर खपून पियानो होता तसा उतरवला. पण तुटलेली तार काही उगवणार नव्हती. आणि नशीब असं, की शेवटच्या गाण्याची प्रत्येक ओळ नेमकी त्याच खर्जातल्या सुरावर सुरू व्हायची. अकरा ओळी, अकरा वेळा तो सूर. डेक्लन पट्टी दाबी आणि आतून नुसतं लाकूड वाजे.

लॉर्नाकडे आणखी एक जुनी गिटार होती. तिची सर्वात जाड तार तिने सैल, आणखी सैल केली. घोगरा का होईना, सूर मिळाला. पण तिचे हात तिच्या गिटारीत अडकलेले, डेक्लनचे पियानोत, फिनचे ड्रमवर. चौथी जोडी हवी होती.

गुरुवारी सकाळी ती नॉर्मनकाकांच्या दारात उभी राहिली.

"काका, चला. वाजवायचंय तुम्हाला."

"पोरी, थट्टा करायला आलीस?"

"एकच तार आहे. मी मान हलवली की छेडायची. अकरा वेळा."

"मला शिट्टीसुद्धा धड वाजवता येत नाही. एकदा बिघडवलं ना मी तुमचं? आता दुसऱ्यांदा कशाला?"

"तुम्ही बिघडवलंत म्हणूनच तुम्ही वाजवायचं," लॉर्ना म्हणाली. "आणि तुम्ही आला नाहीत तर गाणं नाही, गाणं नाही तर अल्बम नाही. कोट घाला."

काकांनी कोट घातला, आणि का कोण जाणे, क्लबाचा टायही बांधला.

दुपारपर्यंत सराव झाला. बाहेर हिरवळ कापायचं यंत्र अधूनमधून घरघरत होतं, कारण उद्या हंगाम. माळ्याने एका गाण्यापुरतं ते बंद ठेवायचं कबूल केलं. एकाच गाण्यापुरतं, दोनदा नाही. काकांची पाचावर धारण बसली होती.

लॉर्ना गायला लागली. पहिली मान, पहिला सूर. दुसरा. सहाव्या सुरापर्यंत सगळं ठीक झालं. सातव्या ओळीआधी लॉर्नाने मान हलवली, पण काका तिच्याकडे बघायचंच विसरले होते. ते गाणं ऐकत होते. एक क्षण सगळे थांबले. लॉर्ना थांबली, डेक्लनचा हात हवेत राहिला, फिनने श्वास धरला. मग काका दचकले आणि सूर आला. लॉर्नाने तिथून ओळ उचलली, ती अशी की तशी ती पुन्हा कधी गायली नाही.

गाणं संपल्यावर काका म्हणाले, "माफ करा, सातव्याला चुकलो."

"हेच ठेवायचं," फिन म्हणाला. त्या आठवड्यातलं त्याचं हे दुसरं बोलणं.

असा मी जन्मलो. कंपनीकडे पोचलो, साच्यात दाबून तबकडी होऊन निघालो. फार गाजलो असं नाही. एका वर्तमानपत्राने सातव्या ओळीआधीच्या विरामाला 'धाडसी रचना' म्हटलं, तेव्हा डेक्लन चहा सांडेपर्यंत हसला. माझे भाऊबंद कुठेकुठे गेलेत, काही विकले गेले, काही जुन्या वस्तूंच्या दुकानात धूळ खाताहेत. साच्यातून निघालेली पहिली प्रत मात्र मी, आणि माझा मुक्काम नॉर्मनकाकांकडे आहे. पाकिटाच्या मागे बारीक अक्षरात छापलंय, 'नॉर्मन एंटविसल: एक सूर.' वाचायला त्यांना आता भिंग लागतं, तरी ते वाचतात.

तुमच्यासाठी माझी एकच विनंती. माझा एखादा भाऊ हाती लागला तर त्याला पहिल्या दोन गाण्यांवर सोडू नका, शेवटपर्यंत ऐका. शेवटच्या गाण्यात सातव्या ओळीपाशी सगळं थांबेल. तबकडी अडकली असं वाटून सुई उचलू नका. जरा थांबा. म्हातारा माणूस गाणं ऐकतोय, येईलच एवढ्यात.