नुसती सोबत

टप.

शेगडीमागे पसरलेल्या जुन्या वर्तमानपत्रावर पाण्याचा थेंब पडला. शेगडीच्या उबेला कालचा बीव्हर ठेवला होता. दगडासारखा गोठलेला हा तळ्यातला केसाळ प्राणी मऊ पडल्याशिवाय त्याचं कातडं निघत नाही. आईने नेहमीसारखं त्याच्या डोक्यावर फडकं टाकलं होतं. घरात माणसं काहीबाही बोलतात, ते त्याच्या कानी जायला नको. ही रीत तिच्या आजीची.

बाबा टेबलाशी सुरीला धार लावत बसले होते. आई बॅनकच्या जाड रोटीसाठी पीठ मळत होती. मी बाळाला पाजत होते आणि माझी लिडी टेबलाखाली तिच्या बाहुलीला रागावत होती.

“परत वाच,” आई म्हणाली.

एका हातावर बाळ, दुसऱ्या हातात कागद. मी परत वाचलं. “परवानाधारकासोबत जाणाऱ्या व्यक्तीने जनावरे धरण्याच्या कामी कोणत्याही प्रकारे मदत केल्यास त्या व्यक्तीचा स्वतःचा परवाना असणे आवश्यक आहे. केवळ सोबत करणाऱ्या व्यक्तीस परवान्याची आवश्यकता नाही.”

“बरं. मग मी कोणती?”

“ते तूच सांगायचं आहेस, आई.”

“मी कशी सांगणार? नियम मी केलाय का?”

“जन्मभर बडबड करत माझ्या मागून येते,” बाबा म्हणाले. “त्याला काय म्हणतात ते बघ गं कागदात.”

“बडबड नसती ना, तर तू केव्हाच तळ्याच्या तळाशी असतास, म्हाताऱ्या.”

आई हे गमतीत म्हणाली, पण कोणी हसलं नाही. बाबांनी चहाच्या कपाकडे हात नेला. कप जिथे होता त्याच्या वीतभर अलीकडे हात थांबला. आईने पिठाच्या बोटानेच कप पुढे सरकवला, इतका हळू की टेबलालाही कळलं नसेल. बाबांनी तो उचलला, प्याले, खाली ठेवला.

बाबांना समोरचं दिसत नाही. कडेकडेचं दिसतं, मधोमध पाहू गेलं की काहीच नाही. हे मला माहीत आहे, आईला माहीत आहे, आणि त्यांना स्वतःला तर आहेच. पण ते आमच्या घरात कधीही कोणी उच्चारलेलं नाही. कातडं ते हाताने काढतात, सापळा बोटांनी लावतात, त्यात त्यांची आजही चूक होत नाही. फक्त सापळा कुठे लावलाय ते सापडायला आई लागते. बर्फावर ती त्यांच्या मागून चालते आणि बोलत राहते. “ते बघ, सुकलेल्या झाडाकडे कोल्हा गेलाय, तू मात्र भलतीकडे.” “डावीकडे रे, अजून डावीकडे, लग्नातही असाच उलटा उभा होतास.” लांबून ऐकणाऱ्याला भांडण वाटावं.

काल ते एकाने ऐकलं. वनखात्याचा नवा अधिकारी, ब्रेनन. बर्फावर चालणारी स्कूटर घेऊन आला तेव्हा बर्फ फोडायची पहार आईच्या हातात होती. तो काही ओरडला नाही. कागद दिला, उद्या दुपारी घरी येतो म्हणाला. माझा नवरा खाणीवर, त्याची पाळी संपायला अवकाश. तेव्हा शाळा शिकलेली म्हणून उत्तरं द्यायला मीच. आणि मी जितक्या वेळा तो कागद वाचला तितका तो मला कमी कळत गेला.

ब्रेनन आला. दाराशी बूट काढून मोज्यांवर उभा राहिला. एका मोज्याला अंगठ्यापाशी भोक होतं. त्यामुळे आईला त्याची भीती वाटेनाशी झाली असावी, कारण तिने लगेच चहा ओतला.

“मावशी,” तो म्हणाला, “मला कोणाला त्रास द्यायचा नाहीये. दोन-चार प्रश्न विचारतो. सापळे तुम्ही लावता?”

“नाही बाबा. तो लावतो.”

“सामान ओढता?”

“डबा आणि किटली माझ्या घसरगाडीवर असते.”

“डबा चालेल. येताना बीव्हर कुणाच्या गाडीवर असतो?”

“ज्याची गाडी रिकामी असेल त्याच्या. डबा खाल्ला की माझीच रिकामी होते.”

ब्रेननने बोटांवर हिशोब मांडला. “म्हणजे जाताना तुम्ही सोबत, आणि येताना मदत.”

“जाताना मी तरुणही असते,” आई म्हणाली. “येताना कंबर धरते.”

लिडी टेबलाखालून खुदकन हसली. ब्रेननही हसला. मग म्हणाला, “हाडांचं काय? मी ऐकलंय, तुम्ही हाडं झाडाला टांगता.”

“कुत्र्यांनी चघळू नयेत म्हणून. चघळली तर पुढच्या खेपेला ते येत नाहीत.”

“कोण?”

“ते,” आईने हनुवटीने शेगडीकडे दाखवलं. नाव घ्यायचं तिने टाळलं.

हाडं टांगणं ही मदत की सोबत, हे ब्रेननला ठरवता येईना. त्याने ऑफिसला फोन लावला. तिथल्या बाई म्हणाल्या, हाड हा जनावराचाच भाग, तेव्हा मदत. त्याने फोन ठेवला. थोड्याच वेळात दुसऱ्या कोणाचा तरी उलट फोन आला, की हाडं टांगणं ही श्रद्धा आहे, खात्याचा तिच्याशी संबंध नाही.

“म्हणजे टांगू?” आईने विचारलं.

“टांगा,” ब्रेनन म्हणाला. “पण खाली उतरवू नका.”

“हाडं खाली कशाला उतरवू? वेडी आहे का मी?”

त्याने कपाळ चोळलं. मग बाबांकडे वळला. “काका, एवढे बीव्हर धरतं कोण?”

“कोणी नाही धरत. ते येतात.”

“येतात म्हणजे?”

“यायचं असलं तर येतात. नसलं तर नाही.”

आमच्यात ‘मी धरला’ असं कोणी म्हणत नाही. मी मध्ये पडून सांगणार होते, पण बाळाने नेमका तेव्हाच सूर लावला, आणि त्याला खांद्यावर थोपटेपर्यंत ब्रेनन पुढच्या प्रश्नावर गेला होता.

“काल मावशी डावीकडे, डावीकडे असं म्हणत होत्या.”

“नवऱ्याला डावं-उजवं सांगायला परवाना लागतो?” आई म्हणाली. “मग गावातल्या सगळ्या बायकांना धर.”

या वेळी ब्रेनन हसला नाही. तो बाबांकडे पाहत राहिला. बाबा त्याच्या कानाशेजारच्या भिंतीकडे पाहत होते. त्यांना त्याचा चेहरा पाहायचा असला की ते तसंच करतात. मला वाटलं, त्याला कळलं. निदान अर्धं तरी कळलं.

तो आवाज खाली आणून माझ्याशी बोलला. “ताई, मदतनीस म्हणून परवाना काढायचा तर शहरात वर्ग असतो, मग परीक्षा. तो वसंतात. तोवर मावशींनी घरी बसायचं. आणि मदतनीस मागताना लिहून द्यावं लागतं, की परवानाधारकाला स्वतःला कोणतं काम जमत नाही. ते लिहिलं की काकांची तपासणी होणार. डॉक्टरकडून.” तो थांबला. “तपासणीत काही निघालं, तर ही तळ्याकाठची सापळ्यांची वाट दुसऱ्या कोणाच्या नावावर जाते. ते मी थांबवू शकत नाही.”

“तिच्याऐवजी मी गेले तर?”

त्याने माझ्या खांद्यावरच्या बाळाकडे पाहिलं. “तुम्हालाही तेच लागू.”

बाबांची सुरी दगडावर फिरत होती. सर्र, सर्र. त्यांच्या वडिलांच्या नावावर ती वाट होती, त्याआधी आजोबांच्या. त्या वाटेवर चालणं सोडलं तर बाबांना दुसरं काय करता येतं, हे मी कधी मनाला विचारलंच नव्हतं.

“मावशी,” ब्रेनन मऊ आवाजात म्हणाला, “एकच वाक्य सांगा. मी काही करत नाही, नुसती सोबत जाते. एवढं बोललात की माझं काम झालं. परत विचारायला येणार नाही.”

आईचे हात पिठात थांबले. तिने शेगडीकडे पाहिलं, म्हणून मीही पाहिलं. बीव्हरच्या तोंडावर फडकं नव्हतं. लिडीने ते केव्हा ओढून घेतलं कोण जाणे, ते आता तिच्या बाहुलीचं पांघरूण झालं होतं. बीव्हर बारीक डोळे उघडे ठेवून आमच्याकडे तोंड करून पडला होता.

आईने बोटांना चिकटलेलं पीठ काढलं. मला वाटलं, आता ही सगळं सांगून टाकणार.

“मी काही करत नाही,” ती म्हणाली. “मी नुसती सोबत जाते.”

सुरीचा आवाज थांबला.

ब्रेननने सुटकेचा निःश्वास सोडला, बूट घातले, आईने शेगडीवरून काढून दिलेला आधीच्या बॅनकचा गरम तुकडा खिशात टाकला आणि गेला. भला मुलगा होता. त्याने जे केलं ते आमच्या भल्यासाठीच केलं.

आईने हात धुतले, बाहुलीवरचं फडकं काढून पुन्हा बीव्हरच्या तोंडावर घातलं. “आता काय उपयोग,” ती पुटपुटली. “ऐकलं त्याने.”

“काय ऐकलं?”

“मी बोलले ते.”

“आई, ते साहेबाला सांगायचं म्हणून होतं!”

“साहेब गेला. शब्द इथंच आहे.” ती माझ्याकडे वळली. “रानात खोटं चालत नाही, पोरी. मी काही करत नाही म्हणाले ना? मग आता काही करायचं नाही.”

“म्हणजे? दिशाही नाही सांगायची?”

“काहीच नाही.”

“मग घरी बस,” बाबा म्हणाले. आवाज रागाचा होता, पण राग कोणावर ते मला कळेना.

“घरी कशी बसू? नुसती सोबत जाते असंही म्हणालेय. घरी बसले तर तेही खोटं होईल.”

मी डोक्याला हात लावला. एकाच वाक्याने तिला घरातही राहता येईना आणि रानातही काही करता येईना. मी तिला समजावलं, विनवलं, शेवटी चिडले. बाबांनी सुरी पुसून म्यानात घातली आणि भिंतीकडे तोंड करून आडवे झाले.

सकाळी उठलो तर रात्रीतून बर्फ पडलेला. कालच्या पाऊलखुणा, घसरगाडीच्या रेघा, सगळं एकसारखं पांढरं. बाबांनी पहार स्वतः उचलली, सापळेही स्वतःच्या गाडीवर बांधले. आई जाड हातमोजे घालून, हात पाठीमागे धरून त्यांच्या मागून निघाली. जणू शाळेची पोर सहलीला निघाली होती.

मी बाळाला पाठीशी बांधलं, लिडीचा हात धरला आणि पाण्याची बादली घेऊन तळ्यावर गेले. पाणी घरात पुरेसं होतं. पहिला सापळा आमच्या पाणवठ्यावरून दिसतो. ओढा तळ्याला मिळतो तिथे, बीव्हरच्या घराजवळ. बर्फाखाली सापळा आणि वर खुणेची एक काठी. ताज्या बर्फातून तिचं टोक तेवढं वर आलं होतं.

बाबा पहारीने पुढचं चाचपत चालत होते. ते काठीच्या उजवीकडून गेले. पुढे गेले. ओढ्याच्या तोंडाशी पाण्याला ओढ असते, तिथे बर्फ कधीच जाड होत नाही. मी लिडीएवढी असताना त्यांनीच मला हे शिकवलं होतं. ते त्याच दिशेने जात होते. आई काही पावलं मागे होती, हात पाठीशी, ओठ मिटलेले.

मी तोंड उघडलं आणि हाक मारायची थांबले. मी इथून ओरडले तर ती मदत का? मी तर त्यांच्या सोबतही नव्हते. मग मी कोणती? बादलीची कडी हातात करकचून धरून मी उभी राहिले. आणखी दोन पावलं गेले तर ओरडेन, नियम गेला खड्ड्यात, असं मी ठरवलं, आणि बाबांनी त्यातलं एक पाऊल टाकलंसुद्धा.

तेवढ्यात आई वळली. घाई नाही, काही नाही. ती बाबांची वाट सोडून सरळ काठीपाशी गेली आणि तिथे उभी राहिली. तिच्या पावलांचा करकर आवाज बंद झाला.

बाबा थबकले. त्यांनी मान एका बाजूला वळवली. थंडीत तळ्यावर शब्द लांबवर पोचतो. मला सगळं ऐकू आलं.

“म्हातारे,” त्यांनी हाक मारली. “कुठं आहेस तू?”

माझ्या उभ्या आयुष्यात मी बाबांना हे विचारताना ऐकलं नव्हतं. आईनेही ऐकलं नसावं.

“इथं,” ती म्हणाली.

“इथं म्हणजे कुठं?”

“इथं म्हणजे इथं. मी काही करत नाहीये. नुसती उभी आहे.”

बाबा माघारी वळले. आवाजाच्या दिशेने एकेक पाऊल टाकत आले. पुढे केलेला हात आधी तिच्या बाहीला लागला. तो तिथे जरा रेंगाळला, मग खाली घसरून काठीवर गेला. ते गुडघ्यावर बसले आणि पहार चालवू लागले. बर्फाचे तुकडे उडायला लागले. आई त्यांच्याकडे पाठ करून पलीकडच्या काठाकडे बघत होती, जणू या कामाशी तिचा काडीचाही संबंध नव्हता, आणि अधूनमधून घसा तेवढा खाकरत होती.

लिडीने माझा हात ओढला. नाक लाल झालं होतं, पापण्यांवर दहिवर धरलं होतं. तिने आजीकडे पाहिलं, आजोबांकडे पाहिलं, मग वर माझ्याकडे.

“आई,” तिने विचारलं, “आत्ता आजी काही करतेय, की काहीच करत नाहीये?”