खाऱ्या विहिरीचा सिद्धांत

गुरुपादप्पा सरांनी लातूरच्या कॉलेजात भूगोल शिकवता शिकवता एक प्रबंध लिहिला होता: खाऱ्या विहिरीची माणसं हट्टी असतात, गोड्या विहिरीची समजूतदार. पदवी मिळाली, बढती मिळाली, आणि विषय संपला असं सरांना वाटलं.

देगलूरकडच्या एका गावात सरपंच दयानंदरावांच्या हाती तो प्रबंध पडला. गोड्या विहिरीच्या आळीला नळ आले, खाऱ्या आळीला नाहीत. "हट्टी माणसं तोट्या मोडतात," सरपंच म्हणायचे, "डॉक्टरेट हाय त्याच्यावर." सोयरिकी विहीर विचारून ठरू लागल्या. शेळ्यांचेसुद्धा दोन कळप झाले. खाऱ्या आळीच्या शेळीनं माशी हाकलायला मान हलवली, तरी लोक म्हणत, बघा, न्हाई म्हणायली.

त्या आळीतल्या रेणुकानं, सरांच्या जुन्या विद्यार्थिनीनं, फोन केला. "सर, आमच्या आळीला कधीच नळ द्यायचा न्हाई, असा उद्या ग्रामसभेत ठराव हाय. तुम्ही लिवलंय, तुम्हीच येऊन खोडा."

"मी फक्त लिहिलं गं. तुमचा नळ काही मी तोडला नाही."

"नळ असंल तर तोडाल ना, सर."

सरांना रात्रभर ते वाक्य टोचत राहिलं. सकाळच्या एसटीनं ते निघाले. उन्हातून रेणुकाच्या दारात टेकले. तिनं पाहुण्याला देतात तसा तांब्या पुढं केला. सरांनी तो घटाघटा संपवला आणि सभेला गेले.

शाल-श्रीफळ झालं. सर उभे राहिले. "माझा सिद्धांत चूक आहे. मी पाणी तपासलं, माणसं पाहिलीच नाहीत. नळ सगळ्यांना द्या."

सभेत कुजबुज सुरू झाली. दयानंदरावांनी मायेनं विचारलं, "सर, गावात आल्यावर पाणी कुठं पिलात?"

"रेणुकाकडं."

सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. "बघा," सरपंच म्हणाले, "लातूरहून निघाला तवा माणूस समजूतदार होता. एक तांब्या पोटात गेला, तर सोताचाच प्रबंध ऐकंना."

टाळ्या पडल्या.

"अहो, मी खरंच चुकलो होतो."

"खारं पाणी चढायलंय," पुढून कुणीतरी म्हणालं. गोड्या पाण्याचा पेला आला. "घ्या सर, उतरंल."

सरांनी पेल्याकडं पाहिलं. पिऊन तेच बोललो तर खारं अजून उतरलं नाही म्हणतील. नाही प्यालो तर हट्टी. त्यांनी पेला खाली ठेवला, शाल घडी करून त्याच्याशेजारी ठेवली आणि मागं खाऱ्या आळीच्या लोकांत जाऊन मांडी घातली.

"आता काय, सर?" रेणुकानं विचारलं.

"नळ येईपर्यंत उठायचं नाही."

"अन् मंग सिद्धांत खरा ठरंल की."

"ठरू दे. नळ आल्यावर खोडू," सर म्हणाले. "तोवर तुझ्या विहिरीचं पाणी मिळेल ना?"