मास्टर सिलिंडरचं रबर

म्हसावदच्या लोटन पाटलांची जीप लढाईवरून आलेली होती आणि तिचा स्वभाव अजूनही लढाऊच होता. लष्कराच्या लिलावातून ती घरी आली तेव्हा सगळा गाव बघायला लोटला होता. आता मात्र ती दिसली की गाव बाजूला व्हायचा. तिचा ब्रेक कधी लागेल, आणि लागला तर कधी सुटेल, हे खुद्द लोटन पाटलांनाही सांगता येत नव्हतं.

त्या ब्रेकात रंजनाची शाळा अडकली होती. ती नववीत, शाळा शहाद्याला. आप्पा, म्हणजे तिचे वडील लोटन पाटील, रोज सकाळी कापसाच्या जिनिंगवर जाताना तिला जीपमधून सोडायचे. तरण्या पोरीला एकटीला एस.टी.त बसवायला रूपचंद आबा, आप्पांचे थोरले भाऊ, काही केल्या तयार नव्हते, आणि घरात आबांचा शब्द म्हणजे संपलं. त्यात मागच्या मंगळवारी भर बाजारात चाकं आवळून जीप अशी गच्च बसली, की मागची बैलगाडी तिच्या डोक्यावर चढता चढता राहिली. आबांनी त्याच संध्याकाळी ओट्यावरून जीप विकायची धमकी दिली,

"लोटन, आते हाई शेवटनी येळ. परत आवळनी, का मी तिले इकी टाकसू. मंग पोरनी साळा बी बंद."

ती शाळा म्हणजे रंजनाचा जीव होता. स्नेहसंमेलनात नुकतंच तिनं भाषण ठोकलं होतं, न अडखळता, आणि टाळ्या अजून कानात होत्या.

दुखणं एवढ्याशा वस्तूचं होतं. ब्रेकचं तेल दाबणाऱ्या मास्टर सिलिंडरमध्ये वाटीसारखं एक रबर असतं. ते दोनदा धुळ्याहून नवंकोरं आणलं, दोनदा बसवलं, आणि दोन्ही वेळा चार दिवसांत चाकं आवळली. गावातला मिस्त्री उदेसिंग, ज्याचं गॅरेज म्हणजे चिंचेखालचा कुडाच्या भिंतींचा एक मांडव, त्यानं दोन्ही वेळा रबर बाहेर काढून आप्पांच्या तळहातावर ठेवलं होतं.

"नकली माल शे, मालक. तो धुळानं शेठ तुम्हले फसाडी ऱ्हायना."

सगळ्यांना पटलं. धुळ्याचा शेठ आणि फसवणार नाही?

शनिवारी रंजना हट्टानं आप्पांबरोबर धुळ्याला गेली. आपल्या डोळ्यांदेखत कोण नकली माल देतो तेच बघायचं होतं तिला. दुकानात छगनशेठ गादीवर बसून सुपारी कातरत होते. त्यांचं हसणं तिला लगेच खटकलं. इतकं गोड कोण हसतं? आप्पांनी खराब रबर पुढे टाकलं.

छगनशेठांचं हसू तिथेच मावळलं. त्यांनी रबर बोटात फिरवलं, मग शोकेसमधून नवं काढून शेजारी ठेवलं.

"पाटील, हे माझं नाही. बघा, तुमचं केवढं मोठं! माझ्याकडचा माल असा नसतोच. कुठली तरी रद्दी उचलून आणता आणि माझ्या गळ्यात मारता?"

"अहो शेठ, तुमच्याच डब्यातलं आहे ते!"

"डबा माझा असेल. आतलं रबर कोणाचं?"

रंजनानं वाकून बघितलं. खरंच की! आप्पांनी आणलेलं रबर शेठच्या नव्या रबरापेक्षा चांगलं जाडजूड होतं. तिच्या डोक्यात संशयानं एकदम तोंड फिरवलं. शेठ खोटा नसेल तर मध्ये हात कोणाचा लागतो? उदेसिंगचा! नवं रबर स्वतः ठेवून घेतो, कुठल्या तरी ट्रकचं जुनं आपल्याला बसवतो आणि वर शेठलाच चोर म्हणतो.

"आप्पा, दोन घ्या," ती म्हणाली.

"दोन कशाले वं?"

"घ्या ना. एक बिघडलं तर?"

शेठनं दोन रबरं दिली, पण देताना तिच्याकडे असं बघितलं, जणू तीच उद्या दोन जुनी परत आणणार होती.

घरी येताच रंजनानं कर्कटकाच्या टोकानं दोन्ही रबरांच्या पाठीवर, जिथे खरचटलं तरी काही बिघडत नाही तिथे, बारीक 'र' कोरला. एक रबर कंपासपेटीत लपवलं. दुसरं आप्पांनी उदेसिंगला दिलं, आणि ती इतिहासाचं पुस्तक घेऊन थेट चिंचेखाली जाऊन बसली.

उदेसिंगनं एकदा बघितलं, दोनदा बघितलं.

"काय वं पोरी, घरमा उजेड नही का?"

"इथं वारं छान लागतं, काका."

"वारं लागस का मन्हावर पहारा करस?"

ती गालातल्या गालात हसली, पण पानही उलटलं नाही. उदेसिंगनं नवं रबर वाटीतल्या रॉकेलमध्ये टाकलं, वर झाकण ठेवलं. ही त्याची जुनी रीत. नवा कुठलाही भाग असो, त्याला रात्रभर रॉकेलची आंघोळ घातल्याशिवाय तो गाडीला लावायचा नाही. मालावरची घाण निघते, म्हणायचा. मग त्यानं मांडवाच्या दाराची ताटी लावली, कुलूप घातलं आणि किल्ली चक्क तिच्या हातात दिली.

"घे. आते तरी झोप लागी का?"

सकाळी तिनंच कुलूप उघडलं. आप्पा होते, आबाही तमाशा बघायला आले होते. उदेसिंगनं रबर बाहेर काढून पुसलं. रंजनानं कंपासपेटीतलं तिचं रबर शेजारी धरलं आणि ती किंचाळलीच,

"बदललं! बघा आबा, हे मोठं आहे!"

"किल्ली तुन्हा हातमा व्हती ना?" उदेसिंगचे डोळे लाल झाले. "मंग मी काय भितडामातून गऊ का?"

"पलटी करा ते! त्यावर माझा 'र' नसणारच!"

त्यानं रबर उलटं केलं. पाठीवर तिचाच 'र' होता. तिच्याच हातचा, पण पसरलेला, जरा फुगलेला.

शेठनं बदललं नाही. उदेसिंगनं बदललं नाही. मग एका रात्रीत ते वाढलं कसं? रंजनानं वाटीतल्या रॉकेलकडे बघितलं. मग झटकन दप्तरातून खोडरबर काढलं, ब्लेडनं दोन तुकडे केले, एक वाटीत टाकला, एक आबांच्या हातात दिला.

"हा सांभाळा, आबा. संध्याकाळपर्यंत कोणालाही देऊ नका. मलापण नाही."

आबांनी तो तुकडा धोतराच्या गाठीला बांधला आणि दिवसभर वाटीसमोर बाज टाकून बसले. संध्याकाळी दोन तुकडे शेजारी ठेवले, तर रॉकेलमधला लिबलिबीत होऊन चांगलाच वाढला होता.

उदेसिंगनं दोन्ही तुकडे बोटांत दाबून बघितले. तो फुगलेलं रबर सिलिंडरमध्ये अंगठ्यानं दाबून दाबून बसवायचा, ते आता सगळ्यांनाच आठवत होतं. असं गच्च बसलेलं रबर मागे सरकणार कसं, आणि आवळलेली चाकं सुटणार कशी?

"मन्हा गुरूनी शिकाडेल व्हतं," तो शेवटी म्हणाला. "लोखंडले चालस ते. रबरनं माले कोणी सांगंच नही."

"तर इतला दिन त्या शेठले शिव्या!" आप्पा म्हणाले.

"शेठबी आपले चोरच म्हनेत," आबा म्हणाले, पण नजर अजून उदेसिंगवरच होती.

कंपासपेटीतलं रबर उदेसिंगनं या वेळी ब्रेकच्याच तेलात बुडवून बसवलं. ते अगदी अलगद आत गेलं. नाल्याच्या उतारावर जीप थांबली, सुटली, पुन्हा थांबली.

आबांना ते पुरेसं नव्हतं. सोमवारी ते पुढच्या सीटवर स्वतः बसले. रंजना मागे दप्तर छातीशी धरून. प्रत्येक गावाशी आबा जीप उभी करायला लावायचे, उतरून चारही चाकांना तळहात लावायचे, तापलं का बघायचे, आणि परत चढायचे. शाळेची घंटा होऊन गेली तेव्हा जीप फाटकाशी पोचली.

आबा उतरले. शेवटचं चाक चाचपलं. पुन्हा एकदा चाचपलं. गार होतं. त्यांनी धोतराला हात पुसले आणि तिच्याकडे न बघताच विचारलं,

"सांजले कितला वाजता सुटस तुन्ही साळा?"