बिजलीला पुढे राहू द्या

मी बिजली बोलतेय. नावावर जाऊ नका हं! बारा फुटांची प्लायवूडची होडी आहे मी, दोन वल्ह्यांची, आणि बडोद्यात माझ्याइतकी संथ होडी शोधून सापडायची नाही. पण माझा तळ बघा. इतक्या वर्षांत एक थेंब पाणी आत आलेलं नाही. असं छातीठोकपणे सांगणारी दुसरी कुणी असेल तर आणा माझ्यासमोर.

मला घडवलं सुभानरावांनी. बाजव्याच्या एका कारखान्यात ते फोरमन होते. ड्यूटीवरून आले की कारेलीबागेतल्या आपल्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये, स्कूटरींच्या मधोमध, रंधा मारत बसायचे. होडी इथून कधी हलणार म्हणून सेक्रेटरी रोज विचारायचे, "काका, आ होडी क्यारे जशे?" सुभानराव म्हणायचे, "दिवाळीला." कुठल्या दिवाळीला ते मात्र त्यांनी सांगितलं नव्हतं, त्यामुळे दोन दिवाळ्या आरामात गेल्या.

वर्षातून चार-पाचदा मी ट्रेलरवर बसून नदीला जाते. एरवी निळी ताडपत्री पांघरून उपडी पडलेली असते. माझ्यावर पापड वाळतात, ट्यूशनला आलेली पोरं दप्तरं टाकतात. रिकामी जागा दिसली की माणसांचे हात शिवशिवतात, त्याला कोण काय करणार? माझी तक्रार नाही.

यंदा हिवाळ्यात मोठा बेत निघाला. चार होड्यांनी मिळून नर्मदेत दोन दिवस सफर करायची, चांदोदहून निघून मालसरला पोचायचं. दर रविवारी बैठक माझ्याभोवती भरायची आणि सेव-उसळीच्या प्लेटी माझ्याच पाठीवर. इंजिनाच्या होडीवाले प्रतापसिंह, दुसरी इंजिनाची होडी असलेले मुकुंदराव, आमचे सुभानराव आणि सयाजीगंजातल्या मुलींच्या हॉस्टेलच्या वॉर्डन शलाकाताई. त्यांच्याकडे एकटीनं चालवायची लांबुळकी कयाक आहे.

परवानगी, लाइफ जॅकेटं, मुक्काम, सगळं दोन बैठकांत ठरलं. तिसरी अडली ती एका प्रश्नावर. पुढे कुणाची होडी?

आता दुसरीकडची माणसं म्हणाली असती, जो पुढे जाईल तो पुढे. पण ही पडली जुन्या संस्थानातली घराणी! प्रतापसिंहांचे पणजोबा दसऱ्याच्या सवारीत निशाण घेऊन पुढे असायचे. मुकुंदरावांचे पणजोबा दिवाण कचेरीत होते, त्यांची जागा पालखीजवळ. म्हणून होड्यांची रांगही सवारीच्या मानाप्रमाणे लावायची ठरली.

"सुभानकाका, तुमच्याकडचं कोण होतं सवारीत?" प्रतापसिंहांनी विचारलं.

"होते मागे कुठेतरी," सुभानराव म्हणाले आणि बशीत तोंड घालून चहा पीत राहिले. झालं! मुकुंदरावांनी वहीत चौथ्या नंबरला माझं नाव लिहिलं.

मग मही नदीत रंगीत तालीम झाली. हॉस्टेलच्या कामामुळे शलाकाताई आल्या नव्हत्या. दोन्ही इंजिनं फुर्रकन पुढे गेली. एक सांगते, वल्हवणारा माणूस नेहमी पाठमोरा बसतो. होडी जाते पुढे, त्याचं तोंड असतं मागे. सुभानरावांना दिसत होती फक्त रिकामी नदी. बऱ्याच वेळानं त्यांनी मान वळवली, तर वळणापलीकडे दोन्ही होड्या दिसेनाशा झालेल्या. आणि तेवढ्यात मी वाळूत रुतले.

एकाहत्तर वर्षांचा माणूस कमरेएवढ्या पाण्यात उतरून मला ढकलत होता. फोन भिजून बंद पडलेला. हाक मारायची कुणाला? मला स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती. तासाभरानं आम्ही काठाला लागलो, तेव्हा बाकीच्यांचा नाश्ता होऊन हात धुऊन झाले होते.

घरी सून संपदा दारातच उभी. "बाबा, दोन तास फोन लावतेय मी! सफरीला जायचं तर जा, पण बिजलीतून नाही. सांगून ठेवते."

पुढच्या रविवारी प्रतापसिंह म्हणाले, "काका, तुम्ही ऐटीत माझ्या होडीत बसा. बिजलीला माझ्या ओळखीचे एक फार्महाउसवाले मागतायत. उद्या टेम्पो पाठवतील. बागेत ठेवून, माती भरून झेंडू लावणार आहेत. छान दिसेल."

झेंडू! माझ्या पोटात माती! पाण्याचा एक थेंब ज्या पोटात येऊ दिला नाही, त्यात पाइपनं पाणी घालणार?  सुभानरावांचा हात माझ्या काठावरून फिरत राहिला. मला रडू आलं. होडीला कसलं रडू, असं म्हणू नका.

शलाकाताईंना महीवरचं तेव्हाच कळलं. त्या उसळीची प्लेट खाली ठेवून म्हणाल्या, "रांग लावली कुणी अशी? मी मुलींना पावागडला नेते ना, तेव्हा सगळ्यात हळू चालणारी मुलगी सगळ्यांच्या पुढे. मग कुणी मागे राहत नाही की हरवत नाही."

"अहो, पण मान?" मुकुंदराव पुटपुटले.

तेव्हा सुभानराव बोलले. "माझे आजोबा सवारीत गवताची गाडी हाकायचे. सगळ्या घोड्यांच्या मागे, शेवटी. लोक हत्तीच्या गोष्टी सांगायचे आणि आजोबा म्हणायचे, मी सवारीत असून कधी सवारी बघितली नाही रे. मला तुमच्यात हे सांगायची लाज वाटली. म्हणून चौथा नंबर गुपचूप घेतला. महीवरसुद्धा, 'थांबा रे जरा' म्हणायला जीभ रेटली नाही."

 मग प्रतापसिंह उठले आणि माझ्यावरची प्लेट त्यांनी स्वतः उचलली. "काका, वळून बघायचं काम माझं होतं. चुकलो मी." टेम्पो पाठवू नका, होडी द्यायची नाही, असं सांगायला त्यांनी तिथूनच फार्महाउसवाल्यांना फोन लावला, "टेम्पो मोकलशो नहीं. होडी नथी आपवानी." मुकुंदरावांनी वहीचं पान फाडून नवी रांग लिहिली.

संपदा जिन्यात उभी राहून ऐकत होती. "पुढे असाल तर जा," ती म्हणाली, "आणि फोन प्लास्टिकच्या पिशवीत."

आज सकाळी आम्ही चांदोदचा घाट सोडलाय. पहिली मी! माझ्या मागे शलाकाताईंची कयाक, मग मुकुंदराव, शेवटी प्रतापसिंह. त्यांचं इंजिन दम खात, कुरकुरत चाललंय, पण मला ओलांडायची त्याची टाप नाही. "काका, घाई नाही हं!" ते मधूनमधून ओरडतात.

तुमच्याही घरात माझ्यासारखं कुणी संथ असेल. त्याला बागेत ठेवून झेंडू लावू नका. पुढे चालू द्या, एवढंच मागणं आहे.

सुभानराव वल्ही मारतायत, पाठमोरे. झेंडे लावलेल्या होड्या ओळीनं त्यांच्या तोंडासमोरून येतायत. आजोबांना कधी दिसली नाही, ती अख्खी सवारी नातू बघतोय. त्यांचे डोळे भरून आलेत. बघू द्या त्यांना. पुढची वाट मी बघते.