खालून द्यायची गोळी

सकाळपासूनची ही आठवी उलटी. पोटात आता काहीच उरलं नव्हतं. प्रेमलताबाईंचं सगळं अंग पिळवटून निघत होतं आणि बादलीत पडत होते हिरवट पाण्याचे चार थेंब. तोंडानं दिलेलं औषध पाच मिनिटंही टिकत नव्हतं. केमोनंतर असं होईल हे डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलं होतं आणि पाच गोळ्यांची एक पट्टी दिली होती. मुळात अॅलर्जीचं औषध, पण ओकारीही दाबतं. खालून, गुदद्वारातून द्यायची, फ्रिजमध्ये ठेवायची.

त्यांच्या नवऱ्यानं, मारोतरावांनी, ठेवलीही होती. पण हुडकेश्वर वस्तीतली वीज पहाटेच गेली, आणि मे महिन्यातल्या दुपारी दोन वाजता फ्रिजमध्ये आणि कपाटात काही फरक राहिला नव्हता. पट्टी बोटांना मऊ लागली.

"माया येऊ द्या," प्रेमलताबाई म्हणाल्या. सून कामठीला बँकेत होती; सातच्या आत यायची नाही.

"तवरोक तुह्यात काय उरन वं?"

बाई भिंतीकडे तोंड करून डाव्या कुशीवर वळल्या, वरचा गुडघा पोटाशी घेतला आणि पदर तोंडावर ओढला. लग्नाला चव्वेचाळीस वर्षं झाली होती, पण भर उजेडात असं काही कधी घडलं नव्हतं. मारोतरावांनी हात धुतले, कागद सोलला, आणि ऐन वेळी डोळे मिटून घेतले. जे केलं ते अंदाजानं. डोळे उघडले तेव्हा बोटं तुपानं माखल्यासारखी झाली होती आणि चादरीवर पांढरा डाग होता. आत किती गेलं, बाहेर किती राहिलं? बाईंना विचारायची त्यांना लाज वाटली.

पंधरा मिनिटांनी नववी उलटी झाली.

"दुसरी द्या," बाई कण्हल्या.

त्यांनी दवाखान्यातल्या दिपाली सिस्टरला फोन लावला.

"किती आत गेली, काकाजी?"

"माहीत नाही. मी... डोळे मिटले होते."

"रात्री झोपेची गोळी दिली होती?"

"दिली. तीही पोटात राहिली की पडली, सांगता येत नाही."

"मग दुसरी आता बिलकूल नाही. पहिली पूर्ण गेली असेल तर वर दुसरी आणि रात्रीची गोळी, सगळ्यांची गुंगी चढेल, श्वास मंद होईल. सहा तास थांबा. दर पंधरा मिनिटांनी हाक मारा. जाग्या झाल्या नाहीत तर सरळ ॲम्ब्युलन्स. आणि पट्टी बर्फाच्या पाण्यात ठेवा. कडक झाल्याशिवाय कागद काढायचाच नाही."

फोनचा आवाज मोठा होता; बाईंनी सगळं ऐकलं होतं. "त्या पोरीचं ऐकून मले मारता काय? जनम गेला पुस्तकात तोंड खुपसून. आता तरी एक गोष्ट आपल्या मनानं करा ना!"

ते त्यांना लागलं, कारण ते खरं होतं. कदाचित सगळंच बाहेर आलं असेल. मग ही तडफडते आहे ती केवळ आपल्या भिडेपायी. पट्टी त्यांच्या हातात होती. चार गोळ्या. शेवटी ते उठले, इन्व्हर्टर असलेल्या शेजारच्या कुसुमताईंकडून बर्फ आणला आणि पट्टीचं भांडं पार स्वयंपाकघरात, दोघांनाही दिसणार नाही अशा जागी ठेवलं.

साडेतीनला बाई शांत झाल्या. पहिल्या हाकेला "हं" आलं. दुसऱ्या हाकेला, "काहून छळून राहिले?" तिसऱ्या हाकेला काहीच आलं नाही.

त्यांनी नाकाखाली बोट धरलं. पण लागतो आहे तो श्वास की दुपारची गरम हवा, कळेना. "प्रेमा! ए प्रेमा!" ते खांदा गदागदा हलवत ओरडले. ॲम्ब्युलन्सचा नंबर लावायला चष्मा शोधू लागले.

"ओरडता काहून?" बाईंनी एक डोळा उघडला. "बहिरी हाव का मी? पाणी द्या."

त्यांनी एकच चमचा पाणी पाजलं, बादली मांडीवर घेतली आणि घड्याळाकडे पाहिलं. चार मिनिटं झाली. पाच झाली. बादली कोरडीच होती.